राजमाचीवरून घाटातील आगगाडी

मुंबईहून पुण्यास आगगाडीने कधी गेलाच नाही असा मनुष्य श्रोतृवर्गात विरळाच असेल. कर्जत स्टेशन आले की गाडी थांबते, फलाटावर गरम बटाटेवड्यांची हाकाटी सुरू होते, आणि प्रवासी खिडकीशी सरसावून बसतो. एवढ्यात गाडीच्या अगदी शेवटच्या टोकाकडून एक हलकासा धक्का येतो. वड्याच्या नादात तो धक्का बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. गाडी सुटते, बोगदे येऊ लागतात, मुले अंधारात ओरडून घेतात, वडीलधारी मंडळी वर्तमानपत्राची घडी करून डुलकी काढतात. तास भरण्यापूर्वीच लोणावळ्याची थंड हवा अंगाला लागते, आणि 'घाट आला कधी व गेला कधी' असे म्हणत प्रवासी चिक्कीच्या दुकानाकडे पाहू लागतो.

त्यात प्रवाशाचा काही दोष नाही. गाडीत बसलेल्यास घाट दिसतच नाही. त्यास दिसतो तो खिडकीएवढा तुकडा : घटकेत ओलसर कातळ, घटकेत काळोख, घटकेत खोल दरी. आपली गाडी कोणत्या वळणाने चढली, तिला पाठीमागून कोणी रेटा दिला, ती मागे घसरली असती तर काय झाले असते, यांपैकी एकही गोष्ट डब्यात बसून कळत नाही. बोरघाट पाहावयाचा असेल तर गाडीतून उतरले पाहिजे, आणि पायांनी चालून समोरच्या डोंगरावर गेले पाहिजे. तो समोरचा डोंगर म्हणजे राजमाची.

आगगाडी पाहण्याकरिता डोंगर चढावयाचा, हे ऐकून कित्येकांस हसू येईल. परंतु ही हौस जगात जुनी व प्रतिष्ठित आहे. ऑस्ट्रिया देशात सेमेरिंग नावाचा घाट आहे. कार्ल फॉन गेगा या स्थापत्यविशारदाने तेथे 41 किलोमीटरचा लोहमार्ग बांधला आणि तो 1854 साली सुरू झाला. त्याचा सर्वांत कठीण चढाव जवळजवळ आपल्या बोरघाटाच्याच तोडीचा. या मार्गाच्या कडेकडेने पायी हिंडणाऱ्यांसाठी खुणांची वाट आखलेली आहे, आणि त्या वाटेवर एक उंचवटा आहे, जेथून दगडी कमानींचा पूल व त्यावरून जाणारी गाडी एका नजरेत भरते. हाच देखावा एके काळी तेथील 20 शिलिंगांच्या नोटेवर छापलेला होता. म्हणून त्या जागेस लोक आजही त्या नोटेच्याच नावाने ओळखतात. 1998 साली हा लोहमार्ग जागतिक वारशाच्या यादीत गेला. बोरघाटाचे चित्र कोणत्याही नोटेवर आलेले नाही. तथापि देखाव्याच्या बाबतीत आपण उणे नाही. उणे असेल तर ते पाहणाऱ्यांचे.

राजमाचीचे स्थान मोठ्या मार्मिकपणे निवडलेले आहे. कोकणातून देशावर येणाऱ्या वाटांमध्ये बोरघाटाची वाट फार प्राचीन. तिच्या उत्तरेस उल्हास नदीचे खोल खोरे, आणि त्या खोऱ्याच्या पलीकडच्या काठावर श्रीवर्धन व मनरंजन असे दोन बालेकिल्ले अंगावर घेऊन राजमाची उभी आहे. घाटातून कोण चढतो, कोण उतरतो, यावर पहारा ठेवणे हेच या किल्ल्याचे काम. 1657 साली हा किल्ला शिवाजीमहाराजांच्या स्वराज्यात आला, आणि 1818 साली इंग्रजांच्या हाती गेला. बैलांचे तांडे गेले, पालख्या गेल्या, फौजा गेल्या. पण घाटावर नजर ठेवण्यास याहून चांगली जागा अद्याप कोणास सापडलेली नाही.

तेथे जाण्याच्या वाटा दोन. एक लोणावळ्याहून तुंगार्लीवरून जाते; ती सुमारे 15 किलोमीटर लांबीची, पण फारशी चढाची नाही. दुसरी कर्जतकडून, कोंडिवडे गावावरून. ही अंतराने कमी, पण उभ्या चढणीची आहे, आणि तीन-चार तास चांगलाच घाम काढते. तरीही ज्यास घाटाचे मर्म जाणून घ्यावयाचे आहे त्याने दुसरीच वाट धरावी. कारण सोपे आहे. आगगाडी जितकी उंची चढते, जवळजवळ तितकीच उंची हा पादचारी स्वतःच्या पायांनी चढतो. दर शंभर पावलांस थांबून धापा टाकणाऱ्या मनुष्यास समोरच्या डोंगरावरील एंजिनाविषयी जो आदर वाटतो, तो पुस्तक वाचून वाटणारा नव्हे.

या वाटेवर चढणीच्या आरंभीच कोंडाण्याची बौद्ध लेणी लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम. घाटातून ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या व भिक्षूंच्या काळातले. चैत्यगृहाच्या दर्शनी भागी एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत लहानसा लेख आहे. कान्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा अर्थ. दाता कोण होता, राजा कोण होता, याचा त्यात उल्लेख नाही; छिन्नी चालविणाऱ्याने आपले व आपल्या गुरूचे नाव कातळावर ठेवले आणि तो निघून गेला. चढणाऱ्याने येथे क्षणभर विसावा घ्यावा, आणि हे नाव मनात धरून पुढे जावे. वर गेल्यावर त्याची आठवण होणार आहे.

माथ्याजवळ उधेवाडी हे लहानसे गाव आहे. पाहुण्यांना भाकरी-पिठले व रात्रीचा निवारा मिळतो. शहरातला पाहुणा आल्या आल्या पडवीत उभा राहून समोरच्या डोंगराकडे टक लावतो आणि विचारतो, "काका, गाडी कोठे दिसते हो?" घरधनी बहुधा हसतो. "पाव्हणं, डोळ्यांनी हुडकू नका. आधी कान द्या. भोंगा वाजला की मग बघा." हा उपदेश शंभर नंबरी आहे. खोरे इतके विशाल, समोरची डोंगररांग इतकी दाट, की नुसत्या नजरेने गाडी शोधू जाणारा थकून जातो. प्रथम दूरवरून भोंगा ऐकू येतो. मग चाकांचा घोष खोऱ्यातून घुमत येतो. आणि मग एका बोगद्याच्या तोंडातून बोटाएवढी गोम बाहेर पडावी तशी गाडी बाहेर येते. थोडी सरकते, दुसऱ्या बोगद्यात शिरते, आणि पुन्हा तिसरीकडेच प्रकट होते. श्रीवर्धनाच्या माथ्यावर सकाळच्या प्रहरी बसावे; ऊन पाठीवर असते आणि समोरचा डोंगर उजेडात न्हालेला असतो. जवळ साधीशी दुर्बीण असल्यास उत्तमच.

आता काय पाहावयाचे ते सांगितले पाहिजे, कारण पाहण्यासही थोडे शिक्षण लागते.

पहिली गोष्ट नावांची. रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' व मुंबईहून येणारी 'डाऊन'. म्हणून बोरघाटात अप गाडी डोंगर उतरते आणि डाऊन गाडी डोंगर चढते! नवख्यास हा उलटा न्याय वाटतो. घाटातल्या माणसांच्या तो अंगवळणी पडलेला आहे.

दुसरी गोष्ट चढावाची. कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत 28 किलोमीटर अंतर आहे, आणि त्यात सर्वांत कठीण चढाव 37 फुटांस 1 फूट असा आहे. पायी चालणाऱ्यास हा चढाव काहीच नव्हे. बैलगाडीसही जड नाही. परंतु आगगाडीचे चाक पोलादी आणि रूळही पोलादी. त्या दोहोंतील घर्षण अल्प, म्हणून तर सपाटीवर एवढे ओझे थोडक्या बळात धावते. पण जो गुण सपाटीवर तारतो तोच चढावर दगा देतो. अर्धा किलोमीटर लांबीची गाडी या चढावर असता तिचे पुढचे टोक मागच्या टोकापेक्षा सुमारे साडेतेरा मीटर, म्हणजे एखाद्या चार मजली इमारतीएवढे उंच असते. डब्यात बसून वडा खाणाऱ्यास याची कल्पनाही नसते. समोरच्या डोंगरावरून मात्र ती तिरकी रेघ स्पष्ट दिसते.

तिसरी गोष्ट गाडीच्या शेपटाची. चढणारी गाडी दिसली की पुढचे एंजिन पाहून डोळे मिटू नयेत. शेवटचा डबा येईपर्यंत वाट पाहावी. त्यामागे दोन-तीन एंजिने लागलेली दिसतील. कर्जतला बसलेला तो हलकासा धक्का यांचाच. यांस रेल्वेची माणसे 'बँकर' म्हणतात. सगळे बळ पुढेच का लावीत नाहीत, अशी शंका साहजिक आहे. तसे केल्यास सर्व गाडीचा भार पहिल्या काही सांधकड्यांवर येईल, आणि एखादी कडी तुटली तर मागचे डबे माणसांसह उताराने मागे धावत सुटतील. पाठीमागचे एंजिन रेटाही देते आणि आधारही देते. लहान मूल जिना चढताना शहाणी माता त्याच्या पुढे न चालता मागे चालते, तोच हा प्रकार. 2023 साली सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी मात्र हा आधार न घेता घाट चढते. कारण तिचे बळ एका एंजिनात नसून निरनिराळ्या डब्यांखाली वाटलेले आहे.

चौथी गोष्ट उतरणाऱ्या गाडीची, आणि जाणत्यांच्या मते हीच खरी कसोटी. चढताना बळ कमी पडले तर गाडी थांबेल. उतरताना ब्रेक कमी पडला तर ती थांबणार नाही. म्हणून घाट उतरणारी गाडी लगाम ओढून धरलेल्या घोड्यासारखी दबकत येते. घाटात ठिकठिकाणी मुख्य रुळांपासून फुटून डोंगराच्या अंगावर चढत गेलेले आखूड फाटे आहेत. आवरेनाशी झालेली गाडी अशा फाट्यावर वळविली म्हणजे चढावामुळे तिचा वेग आपोआप खचतो. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जांबरुंग ही घाटातली ठाणी प्रवाशाच्या कामाची नव्हेत; गाड्या सुखरूप चढाव्या-उतराव्या यासाठी ती रात्रंदिवस जागी असतात. सकाळी पुण्याहून निघणारी दख्खनची राणी या उतारावरून अदबीने पावले टाकीत जाताना पाहिली म्हणजे 1930 साली सुरू झालेल्या या गाडीचे नाव सार्थ वाटते.

गाड्या पाहता पाहता मधेच घटकाभर घाट रिकामा राहतो. त्या शांततेत मनात प्रश्न येतो : हे केले कोणी?

1853 साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी सुरू झाली, तेव्हाच सह्याद्री ओलांडण्याचा विचार चालला होता. 1856 साली रूळ खोपोलीपर्यंत पोहोचले, आणि 1858 साली वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग तयार झाला. मधला घाट तेवढा राहिला. पाच वर्षे उतारू खोपोलीस उतरत, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढत, आणि वर गेल्यावर पुन्हा आगगाडीत बसत. घाटाच्या मार्गाचे काम 1856 च्या आरंभी हाती घेतले होते. मुख्य एंजिनियर जेम्स बर्कले याने 1,831 फुटांची चढण सुमारे पावणेसोळा मैलांत बसविली. त्यासाठी 25 बोगदे खोदावे लागले व 8 मोठे कमानी पूल उभारावे लागले. एके ठिकाणी डोंगराची सोंड इतकी चिंचोळी, की गाडी वळविण्यास जागाच उरेना. तेथे त्याने युक्ती केली : गाडीने सोंडेच्या टोकापर्यंत यावे, तेथे एंजिन सोडून दुसऱ्या टोकास लावावे, आणि आलेले तोंड शेपूट करून निराळ्या रुळांनी पुढचा चढाव चढावा. हे 'उलटे स्टेशन' 1929 साली नवा मार्ग झाला तोपर्यंत चालू होते. त्याच सुमारास घाटात विजेची एंजिने आली. मालगाडीच्या त्या जुन्या एंजिनास रेल्वेचे लोक 'खेकडा' म्हणत. त्याची चाल व त्याचे कण्हणे ज्याने अनुभवले त्यास हे नाव पटत असे.

21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले. तो समारंभ पाहण्यास बर्कले नव्हता. आदल्याच वर्षी त्याचे निधन झाले होते. 1859 साली कामाचा ठेका घेऊन आलेला सॉलोमन ट्रेडवेल येथे पाऊल ठेवल्यापासून थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने मायदेशी परतण्याऐवजी ठेका आपल्या अंगावर घेतला, अॅडमसन व क्लाउझर या दोन एंजिनियरांच्या साहाय्याने काम तडीस नेले, आणि चालू कामाची छायाचित्रेही मागे ठेवली. त्या काळच्या एका स्त्रीचे हे धैर्य खचित स्मरणीय आहे.

ही नावे ग्रंथांत आहेत. परंतु 1861 च्या सुमारास या घाटात सुमारे 42 हजार मजूर राबत होते, त्यांतील एकाचेही नाव आपणास ठाऊक नाही. कड्यावरून दोराने लोंबकळत सुरुंगाची भोके पाडावयाची, बत्ती देऊन वर ओढून घ्यावयाचे, आणि दोर तुटला तर तेथेच संपावयाचे, असे ते काम. पटकी व ताप यांनी तर छावण्यांच्या छावण्या ओस पाडल्या. 1859 साली मजुरीच्या थकबाकीवरून दंगाही झाला. मेले ते हजारोंनी मोजण्याइतके. पण त्यांची खानेसुमारी कोणी नीट ठेविली नाही. अशा वेळी कोंडाण्याच्या कातळावरील बलकाचे नाव आठवते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचे नाव डोंगराने जपले. अवघ्या दीडशे वर्षांपूर्वीच्या 42 हजारांपैकी एकाचेही जपले नाही.

लोकांनी मात्र आपल्या परीने एक नाव जपले आहे. खोपोलीहून खंडाळ्यास येणाऱ्या जुन्या सडकेवर शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखविली, आणि बक्षीस म्हणून त्यास गोळी मिळाली, अशी कथा सांगतात. इतिहासकार तिला कागदाचा पुरावा मागतील. तो मिळो वा न मिळो. वाहन हाकणारे मात्र देवळापाशी नाणे टाकल्यावाचून पुढे जात नाहीत. ज्यांची नोंद झाली नाही अशा सर्वांचे ऋण कदाचित त्या एका नाण्याने फेडले जात असावे.

हे सर्व झाले-गेले असे मानून चालावयाचे नाही. घाट एकदा बांधला म्हणजे काम संपले, असे सह्याद्रीत होत नाही. 1867 साली, म्हणजे उद्घाटनानंतर चारच वर्षांनी, एक मोठा पूल ढासळला व तो पुन्हा बांधावा लागला. 2019 च्या पावसाळ्यात दरडी कोसळून व भराव वाहून जाऊन मुंबई-पुण्याच्या गाड्या कित्येक दिवस बंद पडल्या होत्या. पावसाळ्याच्या आधी रेल्वेची 'हिल गँग' म्हणून ओळखली जाणारी माणसे कमरेस दोर बांधून याच कड्यांवर चढतात, आणि सैल झालेले धोंडे गाड्यांच्या खोळंब्यात आपल्या हातांनी खाली लोटतात. पाऊस सुरू झाला की कंदील घेतलेले गस्तकरी भर रात्री रुळांवरून चालत असतात. कातळ, दोर आणि माणूस हे तिन्ही तेच आहेत. फरक इतकाच, की एकाने वाट केली आणि दुसरा ती राखतो.

म्हणूनच येथे जाणाऱ्यास एक गोष्ट बजावून सांगणे अगत्याचे आहे. गाड्या जवळून पाहाव्या या मोहाने कित्येक तरुण खंडाळ्याहून मंकी हिलकडे थेट रुळांवरून चालत जातात व बोगद्यांत शिरतात. हे कायद्याने गुन्हा आहे, पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की हा मूर्खपणा आहे. बोगद्यात अंग चोरण्यास जागा नसते, तीन मार्गांपैकी आवाज कोणत्या मार्गावरचा आहे हे प्रतिध्वनीमुळे कळत नाही, आणि उतरणारी गाडी मनात आणले तरी चटकन थांबू शकत नाही. शिवाय दिसते काय? जवळून जाणारी एक भिंत! घाट दुरूनच दिसतो. राजमाचीची वाट मोकळी आहे, देखावा फुकट आहे, आणि तेथे गाडीपासून भय नाही. पावसाळा सरल्यापासून माघापर्यंत केव्हाही जावे. पाणी भरपूर घ्यावे. कड्याच्या टोकाशी धिटाई करू नये. कोंडाण्याच्या वाटेने जाणाऱ्याने दिवस असता माथा गाठावा.

आणि शक्य असल्यास एक रात्र उधेवाडीस राहावे. जेवणे उरकून मंडळी अंगणात बसली म्हणजे समोर अंधाराखेरीज काही नसते. मग भोंगा ऐकू येतो, आणि त्या काळोखातून उजळलेल्या खिडक्यांची एक माळ तिरकी तिरकी वर चढू लागते. मधेच ती तुटते, मणी एकेक करून नाहीसे होतात, आणि काही क्षणांनी वरच्या अंगास पुन्हा ओवले जातात. त्या प्रत्येक खिडकीआड कोणी झोपलेले असते, कोणी घरी जात असते, कोणी परीक्षेस, कोणी आजाऱ्याच्या भेटीस. आपण केवढ्या उंचीवर, कोणाच्या आधाराने चाललो आहोत, याची त्यांस जाणीव नसते. आणि ती नसावी यासाठीच तर एवढी माणसे जागी असतात.

दुसऱ्या दिवशी पादचारी डोंगर उतरून कर्जत गाठतो. पुण्याकडे जावयाचे असेल तर गाडीत बसतो. फलाटावर तीच हाकाटी असते, तेच वडे असतात. गाडीच्या शेवटच्या टोकाकडून तोच हलकासा धक्का येतो. शेजारी बसलेल्या कोणासही तो कळत नाही. या एकास मात्र कळतो, आणि हातातली पुडी तशीच ठेवून तो क्षणभर मागे वळून पाहतो.